वार्ताहर उमेदवार होतो तेव्हा

दूरचित्रवाणीवरचा परिचित चेहरा निवडणुकीच्या रिंगणात उतरला की दोन प्रतिक्रिया हमखास ऐकू येतात. राजकारणाला अखेर चांगली माणसे लाभू लागली, असे काही जण म्हणतात. मतदार चेहऱ्याला भुलू लागला, असे दुसरे म्हणतात. दोन्ही प्रतिक्रियांत विचारापेक्षा सवयीचा भाग अधिक असतो. कारण चेहरा तोच असूनही एका ठिकाणी त्याला प्रचंड मताधिक्य मिळते आणि दुसऱ्या ठिकाणी पराभव पत्करावा लागतो. असे का व्हावे, याचे उत्तर या दोन्ही मतांपाशी नाही. अर्थशास्त्राला प्रयोगशाळा नसते, तशी ती राजकारणाच्या अभ्यासकालाही नसते. परंतु क्वचित घटनाच अशा क्रमाने घडतात की कोणी मुद्दाम प्रयोग मांडला असावा असे वाटते. बीबीसीचे युद्धवार्ताहर मार्टिन बेल यांची राजकीय कारकीर्द हा असाच एक प्रयोग आहे. बेल यांनी १९९७, २००१ आणि २००४ अशा तीन निवडणुका लढवल्या. माणूस तोच, त्याचा पांढरा सूटही तोच. निकाल मात्र तीन तऱ्हेचे लागले.

बेल १९६२ साली बीबीसीत दाखल झाले. व्हिएतनाम, नायजेरिया, मध्यपूर्व, उत्तर आयर्लंड अशा एकामागून एक रणभूमींवरून त्यांनी वार्तांकन केले. ब्रिटिश प्रेक्षकाच्या मनात ते कायमचे ठसले ते बोस्नियाच्या युद्धामुळे. १९९२ च्या ऑगस्टमध्ये सारायेव्हो येथे कॅमेऱ्यासमोर बोलत असताना तोफगोळ्याचे तुकडे लागून ते जखमी झाले आणि ते दृश्य घरोघरी दिसले. अंगावरचा पांढरा सूट ही त्यांची श्रद्धा होती. युगोस्लाव्हियाच्या रणधुमाळीत तो आपल्याला तारतो, असे ते मानत. याच काळात बीबीसीच्या परंपरेतील कोरड्या तटस्थतेविषयी त्यांच्या मनात शंका उत्पन्न झाली. आक्रमक आणि बळी यांच्यामध्ये समान अंतर राखून उभे राहणे म्हणजे निःपक्षपात नव्हे, वार्ताहराला जाण असावी तशीच आस्थाही असावी, असे त्यांनी मांडले. या भूमिकेवर बरीच टीका झाली आणि ती अगदीच निराधार होती असे म्हणता येणार नाही. आस्थेचे बोट धरून प्रचार केव्हा घरात शिरतो, हे वार्ताहराला स्वतःला कळतेच असे नाही. एवढे मात्र खरे की राजकारणात उतरण्यापूर्वीच बेल यांच्या मनाने तटस्थतेचा उंबरठा अर्धाअधिक ओलांडला होता.

त्यांना रिंगणात आणणारे प्रकरण मात्र बोस्नियातले नव्हते. ते वेस्टमिन्स्टरमधले होते. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘गार्डियन’ने एक बातमी छापली. लंडनच्या हॅरॉड्स या सुप्रसिद्ध दुकानाचे मालक मोहम्मद अल् फायेद यांच्या वतीने पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारण्यासाठी हुजूर पक्षाच्या दोन सदस्यांनी पैसे घेतले, असा आरोप तीत होता. इयान ग्रीअर नावाचे गृहस्थ धनिक आणि कंपन्या यांच्यासाठी पार्लमेंट सदस्यांकडे रदबदली करण्याचा व्यवसाय करीत. हा व्यवहार त्यांच्यामार्फत झाला, असे वृत्तपत्राचे म्हणणे होते. आरोप झालेल्या टिम स्मिथ आणि नील हॅमिल्टन या दोघांकडेही त्या वेळी मंत्रिपदे होती. स्मिथ यांनी लगेच राजीनामा दिला आणि १९९७ च्या निवडणुकीच्या तोंडावर ते उमेदवारीपासूनही दूर झाले. हॅमिल्टन यांनाही काही दिवसांत मंत्रिपद सोडावे लागले. परंतु पैसे घेतल्याचा आरोप त्यांनी ठामपणे नाकारला. पॅरिसच्या रिट्झ हॉटेलात फायेद यांचे पाहुणे म्हणून राहिलो, एवढे मात्र त्यांना नाकारता येण्यासारखे नव्हते. रिट्झ फायेद यांच्याच मालकीचे होते.

यापुढचा भाग अधिक उद्बोधक आहे. हॅमिल्टन यांनी ‘गार्डियन’वर अब्रुनुकसानीची फिर्याद केली. तीत कायद्याची एक अडचण उभी राहिली. १६८९ च्या हक्कांच्या सनदेनुसार पार्लमेंटमधील कामकाजाची छाननी न्यायालयाला करता येत नाही. मग सभागृहात विचारलेल्या प्रश्नांविषयीच्या खटल्यात वृत्तपत्राने आपला बचाव करायचा कसा? न्यायालयाने खटला थांबवला. तेव्हा पार्लमेंटने १९९६ च्या अब्रुनुकसानीच्या कायद्यात एक कलम घातले आणि सदस्याला स्वतःपुरते हे संरक्षण सोडून देण्याची मुभा दिली. तीनशे वर्षांची सनद एका सदस्याच्या सोयीसाठी वाकवण्यात आली! एवढे करूनही खटला सुनावणीच्या उंबरठ्यावर आला तेव्हा, १९९६ च्या सप्टेंबरअखेर, हॅमिल्टन यांनी तो मागे घेतला. आपल्याच सभासदाच्या वर्तनाचा निवाडा करण्याच्या कामी या पुरातन संस्थेने जी चपळाई दाखवली नाही, ती त्याला वृत्तपत्राविरुद्ध लढता यावे म्हणून दाखवली.

पार्लमेंटने काहीच केले नाही असे नव्हे. सार्वजनिक जीवनातील आचाराचे नियम घालून देण्यासाठी लॉर्ड नोलन यांची समिती नेमली गेली. तिच्या शिफारशीनुसार सदस्यांच्या वर्तनावर देखरेख करणारे स्वतंत्र आयुक्तपद निर्माण झाले आणि त्यावर सर गॉर्डन डाउनी आले. हॅमिल्टन प्रकरणाची चौकशी डाउनी करीत होते. परंतु पंतप्रधान जॉन मेजर यांनी १९९७ च्या मार्चमध्ये, मतदानाच्या जवळजवळ सहा आठवडे आधी, पार्लमेंटचे अधिवेशन संस्थगित केले आणि डाउनी यांचा पूर्ण अहवाल निवडणुकीपूर्वी प्रसिद्ध होण्याचा मार्ग बंद झाला. हे मुद्दाम घडवले गेले, हा विरोधकांचा आरोप मेजर यांनी नाकारला. हेतू काहीही असो, परिणाम व्हायचा तो झालाच. चेशायरमधील टॅटनच्या मतदारांना आपला प्रतिनिधी निर्दोष आहे की दोषी, हे न कळताच मत द्यावे लागणार होते. हुजूर पक्षात त्या वेळी उमेदवार ठरवण्याचा अधिकार स्थानिक शाखेचा होता. पक्षश्रेष्ठींनी तिच्यावर दडपण आणण्याचे धाडस केले नाही आणि शाखेने हॅमिल्टन यांनाच पुन्हा पसंत केले.

थोडक्यात, ज्यांच्याकडे निर्णयाचे अधिकार होते, त्या सर्वांनी तो पुढे ढकलला होता. न्यायालय, पार्लमेंट, पक्ष आणि पक्षाची शाखा या चारही दारांवरून परतलेला प्रश्न शेवटी मतपेटीपाशी येऊन उभा राहिला. या रिकाम्या जागेत मार्टिन बेल आले. ती जागा रिकामी नसती तर बीबीसीचा एक वार्ताहर आपली नोकरी सोडून चेशायरच्या खेड्यापाड्यांतून मते मागत हिंडला नसता.

तथापि नुसती रिकामी जागा पुरेशी नव्हती. टॅटन हा हुजूर पक्षाचा अत्यंत भरवशाचा मतदारसंघ. १९९२ मध्ये हॅमिल्टन यांना तेथे पंधरा हजारांहून अधिक मताधिक्य होते. अशा ठिकाणी मजूर पक्ष आणि लिबरल डेमोक्रॅट हे दोन्ही पक्ष रिंगणात राहिले असते, तर विरोधी मते फुटून हॅमिल्टन सहज निवडून आले असते. या दोन्ही पक्षांनी बेल यांच्यासाठी आपले उमेदवार मागे घेतले. हा त्याग होता, अशी त्या वेळी वाहवा झाली. त्यागाचा हिशेब मांडून पाहिला तर तो फारसा महाग नव्हता असे दिसेल. जी जागा मिळण्याची शक्यता जवळजवळ शून्य, तिच्यावर पाणी सोडण्याची किंमतही जवळजवळ शून्यच असते. त्या बदल्यात पदरात पडणारा लाभ मात्र देशव्यापी होता. एका मतदारसंघातील लढतीच्या निमित्ताने ‘भ्रष्टाचार’ आणि ‘हुजूर पक्ष’ हे दोन शब्द मतदानापर्यंत रोज एकत्र उच्चारले जाणार होते. मजूर पक्षाने त्या निवडणुकीत ४१८ जागा जिंकल्या; चारशे एकोणिसाव्या जागेसाठी तो अडून बसला नाही यात नवल ते कोणते? बेल स्वतः कोणाचे प्यादे नव्हते. परंतु पट कोणीतरी मांडून ठेवला होता, हे विसरून त्या लढतीकडे केवळ नीतीचा विजय म्हणून पाहणे भाबडेपणाचे ठरेल.

प्रचार जेमतेम तीन-साडेतीन आठवड्यांचा झाला. त्यातला एक प्रसंग ब्रिटनमध्ये अजूनही सांगितला जातो. नट्सफर्ड या टुमदार गावाच्या माळावर बेल पत्रकारांशी बोलत असताना नील हॅमिल्टन आणि त्यांच्या पत्नी क्रिस्टिन अचानक तेथे येऊन थडकल्या. माझा नवरा निर्दोष आहे हे तुम्हाला मान्य आहे की नाही, असा सरळ प्रश्न क्रिस्टिनबाईंनी कॅमेऱ्यांच्या गराड्यात टाकला. गोळीबारात न डगमगणारा हा वार्ताहर त्या क्षणी गांगरला. गुन्हा सिद्ध होईपर्यंत मनुष्य निर्दोष मानला पाहिजे, हे आपल्याला मान्य आहे, एवढे कसेबसे बोलून त्यांनी वेळ मारून नेली. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रांनी हा डाव क्रिस्टिनबाईंनी जिंकला असे ठरवून टाकले.

वास्तविक त्यांचा प्रश्न अत्यंत रास्त होता. डाउनी यांचा अहवाल आलेला नाही, न्यायालयाचा निकाल नाही, आणि तरीही एक मनुष्य केवळ दुसऱ्याच्या चारित्र्याच्या मुद्द्यावर उमेदवार म्हणून उभा आहे; मग त्याने पुराव्याविषयी काय ते बोलले पाहिजे. प्रश्न विचारण्याच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला उत्तर देणे हा निराळा व्यवसाय आहे, याचा साक्षात्कार त्या माळावर झाला. वार्ताहर प्रश्न विचारतो तेव्हा तो सर्वांच्या वतीने विचारतो असे आपण गृहीत धरतो. उमेदवाराला हे गृहीत उपलब्ध नसते. त्याच्या प्रत्येक वाक्यावर, तुमचा यात लाभ काय, असा उलट प्रश्न उभा राहतो आणि तो उभा राहावा हेच योग्य असते.

१ मे १९९७ रोजी मतदान झाले. बेल यांना २९,३५४ आणि हॅमिल्टन यांना १८,२७७ मते पडली. ११,०७७ च्या मताधिक्याने एक अपक्ष पार्लमेंटवर निवडून गेला, ही त्या देशात जवळजवळ अर्ध्या शतकात न घडलेली गोष्ट होती. बेल यांना साठ टक्के मते मिळाली याचा अर्थ असा की केवळ विरोधी पक्षांच्या मतांची बेरीज त्यांच्या वाट्याला आली नव्हती. हुजूर पक्षाची लाट त्या वर्षी देशभर ओसरली होती हे जमेस धरले, तरी पिढ्यान्‌पिढ्या त्या पक्षाला मत देणाऱ्या अनेकांनी येथे जाणीवपूर्वक दुसऱ्या नावापुढे फुली केली असली पाहिजे. मजूर पक्षाला मत देणे त्यांना जड गेले असते. बेल यांना मत देताना आपला पक्ष सोडल्याची बोचणी लागत नव्हती, कारण ते फक्त एक मुदत राहणार असे त्यांनी आधीच जाहीर केले होते. पुढे जुलैमध्ये डाउनी यांचा अहवाल आला आणि हॅमिल्टन यांनी रोख पैसे घेतल्याचा सबळ पुरावा असल्याचा निष्कर्ष त्यात होता. हॅमिल्टन यांनी नंतर फायेद यांच्यावर केलेली अब्रुनुकसानीची फिर्याद १९९९ च्या डिसेंबरमध्ये ज्यूरीने फेटाळली आणि त्यात ते दिवाळखोर झाले. मतदार बरोबर होते असे म्हणायला हरकत नाही. पण निकालानंतर सापडलेल्या पुराव्यावर निकालाचे समर्थन करणे ही धोकादायक रीत आहे.

पार्लमेंटमध्ये बेल यांनी काय केले? पक्ष नाही, गट नाही, प्रतोद नाही, त्यामुळे कायदे घडवण्यात त्यांचा वाटा नगण्य राहिला. एक प्रसंग मात्र त्यांच्या बाजूने नोंदवला पाहिजे. मोटारशर्यतींचे धनाढ्य आयोजक बर्नी एक्लस्टन यांनी निवडणुकीपूर्वी मजूर पक्षाला दहा लाख पौंड दिले होते आणि तंबाखूच्या जाहिरातींवरील नियोजित बंदीतून त्या शर्यतींना सवलत देण्याचा निर्णय ब्लेअर सरकारने घेतला होता. १९९७ च्या नोव्हेंबरमध्ये हे उघडकीस आले. गैरव्यवहार झाल्याची नुसती भावना जनतेत पसरणे हेही प्रत्यक्ष गैरव्यवहाराइतकेच घातक असते हे पंतप्रधानांना मान्य आहे काय, असा प्रश्न बेल यांनी भर सभागृहात ब्लेअर यांना विचारला. ज्या पक्षाने सहा महिन्यांपूर्वी त्यांच्यासाठी मैदान मोकळे करून दिले, त्याच पक्षाच्या नेत्याला हा प्रश्न होता. मजूर पक्षाने ती रक्कम परत केली. त्या चार वर्षांतले बेल यांचे हे सर्वांत चांगले काम. ते त्यांनी कसे केले? एक नेमका प्रश्न विचारून. म्हणजे पार्लमेंटमध्ये जाऊनही त्यांच्या हातून जे उत्तम घडले, ते वार्ताहराचेच काम होते.

२००१ साली टॅटनमध्ये पुन्हा उभे राहण्याचा आग्रह होऊनही त्यांनी दिलेला शब्द पाळला. शब्द पाळण्याची तऱ्हा मात्र विचित्र होती: त्यांनी मतदारसंघ बदलला. एसेक्समधील ब्रेंटवुड व ऑंगार येथे हुजूर पक्षाच्या स्थानिक शाखेत एका धर्मपंथाच्या अनुयायांनी शिरकाव केल्याची तक्रार होती. त्या मुद्द्यावर बेल तेथे उभे राहिले. या वेळी मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट पक्षांनी आपले उमेदवार कायम ठेवले. हुजूर पक्षाचे एरिक पिकल्स यांच्या चारित्र्याविषयी काही तक्रार नव्हती. बेल २,८२१ मतांनी पराभूत झाले. ही कामगिरी लहान नव्हे. पण पराभव तो पराभवच. २००४ साली युरोपीय पार्लमेंटसाठी पूर्व इंग्लंडच्या विस्तीर्ण मतदारसंघातून ते पुन्हा उभे राहिले. तेथे ना प्रतिस्पर्धी म्हणून कोणी एक कलंकित मनुष्य समोर होता, ना एखादे स्थानिक प्रकरण. त्यांना सहा टक्क्यांच्या आसपास मते पडली.

याच मालिकेतला आणखी एक प्रयोग २०१० साली दुसऱ्याच व्यक्तीच्या वाट्याला आला. आदल्या वर्षी खासदारांच्या भत्त्यांचे प्रकरण बाहेर आले होते. लोकप्रतिनिधींनी दुसऱ्या घराच्या नावाखाली सरकारी तिजोरीतून काय काय वसूल केले, याच्या याद्या वृत्तपत्रांतून आठवडेच्या आठवडे प्रसिद्ध होत होत्या. जनतेचा संताप १९९७ पेक्षा कितीतरी मोठा होता. ल्यूटन साउथच्या मजूर पक्षाच्या सदस्या मार्गारेट मोरान यांचे नाव त्यात ठळकपणे होते. तेथून एस्थर रँट्झन अपक्ष म्हणून उभ्या राहिल्या. ‘दॅट्स लाइफ’ या कार्यक्रमातून दोन दशके ग्राहकांच्या तक्रारी धसास लावणाऱ्या या बाई बेल यांच्यापेक्षा कदाचित अधिकच घराघरांत पोहोचलेल्या होत्या. त्यांना १,८७२ मते पडली. एकूण मतांच्या पाच टक्केही हाती न लागल्याने अनामत रक्कम जप्त झाली. कारण काय? मोरान यांनी उमेदवारी आधीच सोडली होती. शिक्षा करायची ती व्यक्ती मतपत्रिकेवर नव्हती. आणि कोणत्याही मोठ्या पक्षाने त्यांच्यासाठी जागा सोडली नव्हती. प्रसिद्धी होती, संतापही होता, तरी हे दोन घटक नसताना त्या सर्वांची किंमत साडेचार टक्क्यांपर्यंतही गेली नाही.

या चार निवडणुका एकापुढे एक ठेवल्या म्हणजे दूरचित्रवाणीच्या सामर्थ्याविषयीच्या पुष्कळ कल्पना गळून पडतात. चेहरा ओळखीचा असणे हे भांडवल खरे, पण ते एकट्याने काही उत्पन्न करीत नाही. पक्षांची संघटना, त्यांची माघार, समोरचा विशिष्ट प्रतिस्पर्धी आणि संस्थांनी टाळलेला निवाडा या गोष्टी जोडीला आल्या तरच ते फळते. शिवाय हे भांडवल कोठे तयार झालेले असते, तेही पाहिले पाहिजे. बेल यांच्यावर लोकांचा विश्वास बसला, तो ते कोणत्याही बाजूचे नव्हते म्हणून. बीबीसीसारख्या, प्रत्येक घराकडून परवाना शुल्क घेणाऱ्या संस्थेत तीस-पस्तीस वर्षे कोणाची बाजू न घेता काढल्यावर हा विश्वास साठतो. राजकारणात बाजू घ्यावीच लागते. म्हणून राजकारणात हे भांडवल खर्च होते, पण नव्याने साठत नाही. एका मुदतीची अट स्वतःवर घालून घेताना बेल यांना हे उमगले असावे. ब्रेंटवुडला ते विसरले.

मराठी वाचकाला यात थोडे वेगळेपण जाणवेल. आपल्याकडे टिळकांपासून आचार्य अत्र्यांपर्यंत संपादक आणि राजकीय पुढारी ही एकच व्यक्ती असणे यात कोणाला वावगे वाटले नाही. ‘मराठा’ संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूचा आहे, हे तो विकत घेणाऱ्याला ठाऊकच होते. पत्रकाराने बाजू घेणे आणि बाजू नाही असा विश्वास मिळवून मग ती घेणे, या दोहोंत फरक आहे. ‘आयबीएन ७’चे व्यवस्थापकीय संपादक आशुतोष २०१४ च्या जानेवारीत आम आदमी पक्षात गेले आणि चांदनी चौकातून लोकसभेला उभे राहिले तेव्हा ही दुसऱ्या तऱ्हेची अडचण दिसून आली. ते पक्षाच्या संघटनेतून आणि पक्षाच्या चिन्हावर लढले, म्हणजे बेल यांच्यापाशी जे नव्हते ते त्यांच्यापाशी होते. तरी भाजपच्या हर्षवर्धन यांनी त्यांचा सव्वा लाखाहून अधिक मतांनी पराभव केला, आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये आशुतोष पक्षातूनही बाहेर पडले.

परंतु टॅटनशी खरी तुलना करायची ती भारतातील उमेदवारांशी नव्हे. ती करायला हवी भारताच्या संसदेशी, कारण प्रश्नांसाठी पैसे घेतल्याचा प्रकार येथेही दोनदा गाजला. १९५१ साली हंगामी संसदेतील सदस्य एच. जी. मुद्गल यांचे मुंबईच्या सोनेचांदी व्यापाऱ्यांच्या संघटनेशी असलेले आर्थिक संबंध उघडकीस आले. पंतप्रधान नेहरूंनी स्वतः चौकशी समितीचा ठराव आणला, समितीने दोषी ठरवले, आणि हकालपट्टीचा ठराव समोर येताच मुद्गल यांनी राजीनामा दिला. राजीनामा देऊन सुटण्याचा हा मार्गही सभागृहाने मान्य केला नाही; ते बडतर्फीस पात्र होते, असे नोंदवूनच प्रकरण मिटवले गेले. दुसरा प्रसंग २००५ चा. १२ डिसेंबरला ‘आज तक’वर छुप्या कॅमेऱ्याने टिपलेली दृश्ये दाखवली गेली; त्यांत खासदार प्रश्न विचारण्यासाठी पैसे स्वीकारताना दिसत होते. २३ डिसेंबरला, म्हणजे अकरा दिवसांत, दोन्ही सभागृहांतील मिळून अकरा सदस्यांना काढून टाकण्यात आले. त्यांत लोकसभेतील जळगाव आणि एरंडोल हे महाराष्ट्रातले दोन मतदारसंघही होते. सहा सदस्य भाजपचे, तीन बहुजन समाज पक्षाचे, आणि राष्ट्रीय जनता दल व काँग्रेस यांचा एकेक. २००७ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने ही कारवाई वैध ठरवली.

या घाईविषयी आक्षेप घेता येतील. छुप्या कॅमेऱ्याने मोहात पाडून पकडणे ही पत्रकारिता म्हणावी काय, असा प्रश्न आहेच. निवडून दिलेल्या सदस्याला काढण्याचा अधिकार इतरांनी दीड आठवड्यात वापरावा काय, हाही आहे. भाजपने त्या वेळी शिक्षा अतिकठोर असल्याचे म्हटले होते. परंतु निष्पत्ती पाहा. कॅमेरा घेऊन गेलेल्या कोणा वार्ताहराला जळगाव किंवा एरंडोलमध्ये उमेदवारी अर्ज भरावा लागला नाही. बातमी दिली, पुरावा दाखवला, आणि पुढचे काम ज्याचे होते त्याने ते केले. वार्ताहर वार्ताहरच राहिला. टॅटनमध्ये ‘गार्डियन’च्या बातमीनंतर पार्लमेंटने हेच अडीच वर्षे टाळले, म्हणून एका वार्ताहराला आपला व्यवसाय सोडावा लागला.

ब्रिटनला याची जाणीव उशिरा का होईना, झाली असावी. २०१५ च्या कायद्याने मतदारांना सदस्याला परत बोलावण्याचा मर्यादित अधिकार दिला: शिक्षा किंवा निलंबन झालेल्या सदस्याविरुद्ध मतदारसंघातील दहा टक्के मतदारांनी सही केली तर पोटनिवडणूक घ्यावी लागते. २०१९ साली पीटरबरोमध्ये या कायद्याने पहिल्यांदा एका सदस्याचे पद गेले. २०२१ मध्ये हुजूर पक्षाचे ओवेन पॅटरसन यांनी पैसे घेऊन रदबदली केल्याचे आयुक्तांनी ठरवले. सरकारने नियमच बदलण्याचा घाट घातला. गदारोळ होताच तो सोडून दिला आणि पॅटरसन यांनी राजीनामा दिला. नॉर्थ श्रॉपशायरच्या पोटनिवडणुकीत सर्व विरोधकांनी मिळून बेल यांच्यासारखा एखादा अपक्ष द्यावा, अशी चर्चा झाली आणि विरून गेली. लिबरल डेमोक्रॅट पक्षाच्या हेलन मॉर्गन यांनी हुजूर पक्षाचे जवळजवळ २३ हजारांचे मताधिक्य पुसून ती जागा जिंकली. साध्या पक्षीय उमेदवाराने, साध्या पोटनिवडणुकीत.

टॅटनचे पुढे काय झाले, हे पाहण्यासारखे आहे. बेल यांच्यानंतर २००१ साली तेथून हुजूर पक्षाचे जॉर्ज ऑस्बोर्न निवडून आले. ते २०१० मध्ये अर्थमंत्री झाले आणि २०१७ मध्ये राजकारण सोडून लंडनच्या ‘इव्हिनिंग स्टँडर्ड’चे संपादक. बेल जे दार उघडून आत आले होते त्यातूनच ते उलट दिशेने बाहेर पडले म्हणायचे. पराभूत हॅमिल्टन पतिपत्नींनी दूरचित्रवाणीच्या करमणुकीच्या कार्यक्रमांत बस्तान बसवले. नील हॅमिल्टन २०१६ मध्ये यूकिप पक्षातर्फे वेल्सच्या विधानसभेवरही गेले. आणि २०१७ पासून टॅटनचे प्रतिनिधित्व करणाऱ्या एस्थर मॅक्व्हे या तर मूळच्याच दूरचित्रवाणीवरील निवेदिका. पार्लमेंटच्या सदस्या असतानाच त्या पतीसमवेत, जे स्वतः त्याच पक्षाचे खासदार होते, ‘जीबी न्यूज’ या वाहिनीवर कार्यक्रम सादर करीत. २०२३ च्या मार्चमध्ये अर्थसंकल्पाच्या तोंडावर त्यांनी तेथे अर्थमंत्री जेरेमी हंट यांची मुलाखत घेतली: मुलाखत घेणारे दोघे आणि देणारा एक, तिघेही एकाच पक्षाचे खासदार. प्रसारणावर देखरेख करणाऱ्या ‘ऑफकॉम’ने ती निःपक्षपातीपणाच्या नियमांचा भंग करणारी ठरवली. याच वाहिनीवरील जेकब रीस-मॉग यांच्या कार्यक्रमांविषयीचे ‘ऑफकॉम’चे निर्णय मात्र २०२५ च्या फेब्रुवारीत उच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवले, आणि खासदाराने निवेदकाच्या खुर्चीत बसावे की नाही हा वाद पुन्हा उघडा पडला.

बेल यांनी राजकारणात जाण्यासाठी बीबीसी सोडली होती. दोन्ही खुर्च्यांवर एकाच वेळी बसता येते, हे १९९७ मध्ये कोणाच्या डोक्यातही आले नव्हते. २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीत मॅक्व्हे टॅटनमधून १,१३६ मतांनी निवडून आल्या. मजूर आणि लिबरल डेमोक्रॅट या दोन्ही पक्षांचे उमेदवार त्या वेळी रिंगणात होते.